शिंगाड्याचं वय

सेल बाहेर आला, पडदा कोरा झाला आणि मिस्त्रीच्या हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर हवेतच राहिला.

मिस्त्री बसला होता नऊ मजली इमारतीच्या डोक्यावर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. मांडीवर लेकीचं खेळणं. काडेपेटीएवढं, तीन बटणांचं, वरच्या कडेला तांब्याच्या दोन पट्ट्या. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक प्राणी राहायचा. त्याला चारायचं, त्याची घाण काढायची आणि दुसऱ्याच्या खेळण्याला डोक्याला डोकं लावून झुंजवायचं. लेकीने याचं नाव ठेवलं होतं शिंगाड्या. सकाळपासून त्याचा आवाज बारीक येत होता. मिस्त्रीला वाटलं, आत कळकट झालं असेल, पुसून घेऊ. आणि सत्तावीस वर्षं जे करत आला तेच त्याने केलं. यंत्राला हात लावायच्या आधी सप्लाय तोडला.

सेल पँटला पुसून परत बसवला. पडद्यावर एक अंडं आलं आणि जागच्या जागी डुलायला लागलं.

"गेला," मिस्त्री लिफ्टच्या मोटरला म्हणाला. दुसरं कुणी नव्हतंच ऐकायला.

आता खेळण्यातला प्राणी गेला तर बावन्न वर्षांच्या माणसाने एवढं काय मनाला लावून घ्यायचं? पण भानगड वेगळी होती. लेक बारा वर्षांची, आईबरोबर दुसऱ्या गावी राहायची. दोन वर्षांपूर्वी वेगळे झाल्यापासून ती बापाकडे एक रात्रसुद्धा राहिली नव्हती. परीक्षेच्या आधी खेळणं घरात नको म्हणून आईने ते मिस्त्रीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "दीड महिना हे एवढं जिवंत ठेवून दाखव. मग सुट्टीत महिनाभर पाठवते पोरीला."

"एवढंच? चेष्टा करतेस की काय?"

"चेष्टा तू करतोस. माझे मासे विसरले नाही मी."

मासे म्हणजे तिच्या काचेच्या पेटीतले पाच सोनेरी मासे. ती माहेरी गेली असताना मिस्त्री त्यांना चारायला विसरला आणि पाचही उलटे तरंगले. त्याने बाजारातून तसलेच पाच आणून सोडले. ती आठ महिने त्यांना नावाने हाका मारून चारत होती. मग मिस्त्रीने एकदा पाहुण्यांसमोर हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरधरून हसले. ती उठून आत गेली. मिस्त्रीच्या थापा तशा गावभर प्रसिद्ध, चालू लिफ्टला 'बंद आहे'ची पाटी लावून तो ढेरपोट्या साहेबांना जिने चढायला लावायचा. पण त्या दिवसापासून घरात कुणी त्याच्या विनोदाला हसलं नाही.

संध्याकाळी तो खेळण्यांच्या दुकानात गेला. दुकानवाल्या बाईंनी खेळणं हातात घेऊन उलटसुलट केलं.

"सेल काढलात?"

"काढला."

"मग गेला तो, दादा. नवीन पाळा."

"तसाच होईल का पण? शिंगं होती त्याला."

"शिंगं मिळवावी लागतात. भूक लागली की लगेच चारायचं. झोपला की दिवा घालवायचा, नाहीतर चिडतो. आणि झुंजी. पंधरातल्या बारा जिंकल्या तर शिंगं येतात. हयगय केलीत तर गोगलगाय होते."

"झुंजायला दुसरा कुठून आणू?"

"मित्रांकडे नाही का कुणाच्या?"

"बाई, माझ्या मित्रांना साखर आहे, गुडघे आहेत. हे नाही."

बाई हसल्या आणि एक निळं खेळणं काउंटरवर ठेवलं. मिस्त्रीने तेही घेतलं.

पहिल्या खेपेला गोगलगायच झाली. सहाव्या मजल्यावर एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, त्यांना सोडवेपर्यंत प्राणी दोन तास उपाशी ओरडत राहिला. सात दिवस वाया गेले. मिस्त्रीने पुन्हा सेल काढला, पुन्हा अंडं डुललं.

दुसऱ्या खेपेला तो नेटाने कामाला लागला. गजर लावून चारलं. जेवणाच्या सुट्टीत उजव्या हातात शिंगाड्या, डाव्या हातात निळा, अशा स्वतःशीच झुंजी लावल्या. निळ्याने हरावं म्हणून त्याला मुद्दाम उपाशी ठेवायचा. झुंज सुरू झाली की निळा एकदा उडी मारायचा, मग आडवा व्हायचा. "माफ कर रे बाबा," मिस्त्री म्हणायचा, "तुझी काही चूक नाही." एकदा वाईट वाटून त्याने निळ्याला आधी पोटभर चारलं, तर बेट्याने शिंगाड्यालाच लोळवला. तेव्हापासून परत उपास.

लेक यायच्या आदल्या दिवशी शिंगं फुटली. हुबेहूब. मिस्त्री मशीनच्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवून हसला. आपण अजून हरलेलो नाही, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक वर, त्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर बापाच्या घरी, आली. आई नेहमीसारखी खाली गाडीतच थांबली.

"दे," लेक म्हणाली. बूटही काढले नाहीत.

तिने पडदा डोळ्यांजवळ धरला. "बाबा, जगवलास. आई म्हणत होती आठवडाभरसुद्धा टिकणार नाही."

"तुझ्या आईला काय, माझ्याबद्दल कायमच वाईट स्वप्नं पडतात. खातो मात्र राक्षसासारखा."

"झुंजवलास?"

"रोज. एक निळा आहे ओळखीचा. सारखा हरतो बिचारा."

ती खळखळून हसली. असं हसणं त्या घरात फार दिवसांनी झालं. मग दोघं लिफ्टने खाली निघाली. उतरता उतरता तिने मधलं बटण तीनदा दाबलं, आणि मिस्त्रीला तिच्या खांद्यावरून एक पान दिसलं. असं पान या खेळण्यात आहे हे त्याला माहीतच नव्हतं. वर वजन, मग झुंजी, खाली वय. दिवस एकोणीस.

तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला. तिसरा मजला गेला, दुसरा गेला. पहिल्यावर तिने पान बंद केलं. 

गाडीची काच खाली होती. आईने मान बाहेर काढली. "आहे का गं?"

"आहे."

"किती दिवसांचा झाला?"

लेकीने आईच्या शर्टच्या वरच्या बटणाकडे बघितलं. "एकशे अडुसष्ट."

डोळ्यांत बघायचं नाही, बटणाकडे बघायचं, आकडा नेमका सांगायचा. मिस्त्री जन्मभर असंच खोटं बोलत आला होता. पोरीने ते कधी उचललं, त्याला कळलं नव्हतं. बापाच्या हाती दिला तेव्हाच्या वयात दीड महिना मिळवून लिफ्टच्या तीन मजल्यांत तिने बेरीजसुद्धा करून ठेवली होती.

आईचा चेहरा सैल झाला. "खरंच सांभाळलंस की तू. बरं, मग सुट्टीत..."

"एकोणीस," मिस्त्री म्हणाला.

"काय एकोणीस?"

"एकोणीस दिवसांचा आहे. जुना माझ्या हातून मेला. हा तसाच दुसरा करून ठेवला."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "गप्प बस ना."

"ती माझ्यासाठी बोलली. तिला रागवू नकोस."

आईने त्याच्याकडे बघितलं. रागावलेली दिसत नव्हती, थकलेली दिसत होती. मग लेकीला म्हणाली, "बस आत."

आणि त्याला म्हणाली, "सुट्टीचं बघते. फोन करते."

चौदा वर्षांच्या संसारात तिच्या 'बघते'मध्ये गेलेली एकही गोष्ट परत बाहेर आली नव्हती.

लेक मागच्या सीटवर बसली. "मी सांगितलं होतं ना नीट सगळं," ती काचेकडे तोंड करून म्हणाली. तिच्या पिशवीचा पट्टा दारात आला होता. मिस्त्रीने तो उचलून आत सरकवला आणि दार हळूच लावलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो फाटकापाशी उभा होता.

मग तो लिफ्टमध्ये शिरला. दार लागलं. बटण दाबायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. दिवा चालू, पंखा चालू, आणि मिस्त्री मधोमध उभा, हात लोंबकळत सोडून. बऱ्याच वेळाने वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून कुणीतरी लिफ्ट बोलावली, तशी ती त्याला घेऊन वर निघाली.