कागदी पाठीचा खडक

मी खडक बोलतोय. खरा नाही, केलेला. आधीच माफी मागतो, माझे शब्द साधे आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मला घडवणाऱ्या बो-युआननं शाळा लवकर सोडली. खडकाला शब्द मिळतात ते घडवणाऱ्याच्या हातातून. त्याच्याकडेच थोडे होते, माझ्या वाट्याला किती येणार? त्यात मी भित्रा. का भित्रा, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका गल्लीत, देवळाच्या मागच्या कागदकामाच्या दुकानात झाला. दुकान बो-युआनच्या मामाचं. माणूस गेला की त्याला पलीकडच्या जगात जे जे लागेल ते सगळं तिथं बनतं. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि मैद्याची खळ एवढ्यावर दुमजली घरं उभी राहतात, मोटारी होतात, दारात नोकर-चाकर उभे राहतात. हल्ली मोबाइलसुद्धा करतात. मग घरचे लोक येतात, ते घर मैदानात नेतात आणि पेटवतात. तीन दिवस खपून केलेलं घर चहा निवायच्या आत राख होतं.

माझ्या आधी त्या दुकानात घडलेली प्रत्येक वस्तू जळायलाच घडली होती. मग मी भित्रा नाही होणार तर काय?

मला मागायला आली यालानताई. तिचं गल्लीच्या तोंडाशी नाश्त्याचं दुकान आहे, अंड्याच्या पोळ्या आणि सोयाचं दूध. हातात गरम पोळीची पुडी घेऊनच ती आत शिरली.

"मामा, जिवंताचं काम घेता का?"

"जिवंत माणसं फार कटकट करतात गं," मामा कात्री न थांबवता म्हणाले. "आमची गिऱ्हाइकं बघ, आजवर एकही तक्रार घेऊन परत आलेलं नाही."

ताई हसली, पण लगेच गंभीर झाली. तिच्याकडे पाळलेला एक दाढीवाला सरडा होता, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. सुकवलेल्या टोफूसारखा तपकिरी, म्हणून नाव तोउकान, म्हणजे सुका टोफू. मागच्या भूकंपात त्याच्या काचेच्या पेटीतला खरा दगड घसरला आणि त्याच्या शेपटीचं टोक चेंगरलं. थोडक्यात वाचला.

"वजनाला हलका खडक हवाय. पडला तरी त्याला लागू नये. पण नखांनी त्याचा पापुद्रा निघता कामा नये, आणि रोज ओल्या फडक्यानं पुसता आला पाहिजे. होईल?"

कोपऱ्यात कागदी घोड्याचा पाय चिकटवत बसलेल्या बो-युआननं जमिनीकडे बघत मान हलवली.

"हा मुका हो म्हणाला का?" ताईनं विचारलं.

"मान हलली म्हणजे हो. तोंडानं म्हणाला असता तर मी बाहेर पळालो असतो, पुन्हा भूकंप झाला समजून."

बो-युआनचे कान लाल झाले. बावीस वर्षांचा मुलगा, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की तो मानेवरच भागवायचा. ताईनं पोळीची पुडी त्याच्यासमोर ठेवली आणि गेली.

त्यानं मला फार जीव लावून केलं, हे मी मान्य करतो. मासळी बाजारातून थर्माकोलचे खोके आणले आणि वास जाईपर्यंत साबणानं धुतले. त्याचे तुकडे एकावर एक चिकटवले, चाकूनं कोरले. चढायला पायऱ्या केल्या, ऊन खायला वर सपाट जागा केली, लपायला पोटात गुहा केली. मग टाइलच्या फटीत भरतात ते सिमेंट त्यानं कालवलं. पहिला हात ताकासारखा पातळ, म्हणजे प्रत्येक खळग्यात उतरावा. दुसरा भज्यांच्या पिठाएवढा. तिसरा, चौथा त्याहून दाट. दोन थरांमध्ये पुरता दिवस जाऊ द्यायचा आणि तडे जाऊ नयेत म्हणून मधूनमधून पाणी शिंपडायचं. घाई म्हणून केली नाही. मग वर वीट ठेवून मला टबात बुडवलं आणि पाच दिवस रोज पाणी बदललं. कच्च्या सिमेंटनं सरड्याची कातडी भाजते, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. शेवटी पाण्यावर चालणारं वार्निश दोनदा लावलं. अंगठा दाबून बघितला, नख ओढून बघितलं. ओरखडाही उठला नाही.

पण हे सगळं पुढच्या बाजूला.

वार्निश वाळलं त्याच दिवशी मोठ्या कागदी घराची मागणी आली. मामांनी हाक मारली. बो-युआननं मला पालथं केलं. माझी पाठ अजून उघडी, पांढरी होती. आणि मग त्याच्या हातांनी तेच केलं जे ते सहा वर्षं रोज करत आले होते. जाड कागदाच्या पट्ट्या, वर मैद्याची खळ, वर दगडी रंगाचा एक हात. त्या दुकानात कुठल्याच घराच्या पाठीला याहून जास्त मिळत नाही. पाठ कोण बघतंय? दोन दिवसांनी पेटायचंच आहे. त्यानं मला फसवलं नाही, ताईलाही फसवलं नाही. त्याच्या लक्षातच आलं नाही की मी जळायच्या वस्तूंपैकी नाही.

पेटीत ठेवल्यावर ताईनं डोक्यावरचा दिवा लावला. उजेड आणि ऊब दोन्ही एकदम अंगावर आली. आलीच वेळ, असं वाटून मी आतल्या आत आक्रसलो. पण आग लागली नाही. नुसती ऊब. मग चार नखं माझ्या पायरीवर चढली, एक खरबरीत पोट माझ्या सपाट जागेवर टेकलं आणि तोउकाननं डोळे मिटले. एका जिवंत पोटाचा श्वास माझ्यावर चालू होता. ते दोन-चार दिवस माझे बरे गेले.

मग रातकिडे आले.

तोउकानच्या जेवणासाठी ताई रोज पेटीत सहा-सात रातकिडे सोडायची. जे सापडत ते संपत, जे सुटत ते माझ्यामागं, भिंतीच्या बाजूला लपत. त्यांना खळीचा वास लागला. शेवटी मैदाच तो. खर्र, खर्र, खर्र. आठवड्यात त्यांनी माझ्या पाठीचा कागद फस्त केला आणि आतल्या थर्माकोलमध्ये बिळं पाडायला लागले. मी आतून पोकळ होत होतो आणि समोरून डोंगरासारखा दिसत होतो. ताई गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायची, "बघा, कुणाला वाटेल का खोटा आहे?" ती रोज मला पुसायची. पुढून.

एक दिवस तोउकाननं रातकिड्यांचा माग काढला. मागं वळला, बिळात तोंड खुपसलं, जीभ मारली. एक किडा आणि त्याच्याबरोबर चार-पाच पांढरे दाणे. पुन्हा जीभ. पुन्हा दाणे. त्याला थांब म्हणायला मला तोंड नव्हतं, हलायला पाय नव्हते. ज्याचं पोट माझ्यावर टेकून झोपायचं त्याच पोटात मी दाण्यादाण्यानं जात होतो. माणसं म्हणतात भीतीनं दगड झालो. मी तर आधीच दगड होतो, मी काय व्हावं?

आठ दिवसांनी त्यानं खाणं सोडलं. पोट ढोलकीसारखं टणक, डोळे अर्धे मिटलेले. "रुसलास का रे?" ताई विचारायची. मग तिचा आवाज बदलला. मग ती त्याला खोक्यात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली.

दुपारी ती मला काखोटीला मारून कागदकामाच्या दुकानात आली.

"हा थोडा वेळ इथं ठेव. पेटी धुवायची आहे." तिचे डोळे सुजले होते. "पोटात काहीतरी अडकलंय म्हणतात. एक्स-रेच्या फोटोत नीट दिसत नाही. काय खाल्लं ते कळलं तर काही करता येईल म्हणाले. नाहीतर उद्या दुपारी पोट उघडणार. एवढासा जीव, भूल झेपेल का तेही सांगता येत नाही. मी रातकिड्यांशिवाय काही दिलंच नाही रे! तुला काही सुचतंय?"

बो-युआननं आडवी मान हलवली. नाही.

ती गेल्यावर त्यानं मला सहज उलटं केलं, आणि त्याचा हात तिथंच थांबला. माझ्या पाठीत मूठ जाईल एवढं भोक होतं. कडेला दातांचे बारीक व्रण. दोन पांढरे दाणे त्याच्या पायावर पडले.

मामांनी वाकून बघितलं.

"मागून कागद लावलास?"

"हो."

"मीच शिकवलं तुला," मामा हळूच म्हणाले. मग आवाज चढवून, "हे बघ, तिला काय सांगणार आहेस? तुझा सरडा मी मारला म्हणून? मेलेल्यांचं सामान करणाऱ्यांकडून घेतलं आणि घरात मरण आलं, अशी बोंब उठेल गल्लीत. आधीच लोक आपल्या दारावरून जाताना पाय उचलून चालतात. मागच्या पिंपात टाक आणि पेटव. तिला म्हणावं, हातातून पडला, फुटला."

मागच्या अंगणात एक लोखंडी पिंप आहे. कामट्यांचे तुकडे, कागदाच्या चिंध्या, चुकलेले घोडे, सगळं त्यात जातं. बो-युआननं मला उचललं आणि अंगणात नेलं. संध्याकाळचं ऊन पिंपाच्या कडेवर पडलं होतं. आत तळाशी एक कागदी हात होता, बाकीचा नोकर जळून गेला होता. बो-युआन मला छातीशी धरून उभा राहिला. त्याचं काळीज माझ्या पोकळ पाठीत वाजत होतं, आणि मला कळेना यातली त्याची भीती किती आणि माझी किती. त्याला माझ्या जळण्याची भीती नव्हती. त्याला उद्या सकाळी तोंड उघडायची भीती होती.

मामांनी आतून हाक मारली, "टाकलंस का?"

मला परत आणून त्यानं कामाच्या फळीखाली ठेवलं आणि वर फडकं टाकलं. नंतर त्यानं एका कागदी घोड्याला पुढचे दोन्ही पाय उजवेच लावले.

फडक्याखाली मी काय विचार केला ते सांगतो, कारण पुढच्या गडबडीत ते सांगायला जागा नाही. माझी पाठ भरून निघेल की नाही ठाऊक नाही. चांगलं सिमेंट पाठीलाही बसतं, तेवढा वेळ द्यावा लागतो इतकंच. पण तुम्ही कुणासाठी काही घडवत असाल, खडक असो की आणखी काही, तर देण्याआधी ते एकदा उलटं करा. ज्याला ते द्यायचं आहे तो ते कुठून कुरतडेल, हे तुम्हाला माहीत नसतं. आणि चूक सापडली तर पेटवू नका. आम्हाला फार भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बो-युआन मला घेऊन नाश्त्याच्या दुकानात गेला. ऐन गर्दीची वेळ. शाळेची मुलं, स्कूटरवरची माणसं, चार-पाच म्हातारे. तो रांगेत उभा राहिला. रांग सोडून पुढं जायचं धाडस त्याच्यात नव्हतं. त्याची पाळी आली.

"अंडं एक की दोन?" ताईनं वर न बघता विचारलं.

त्यानं मला ओट्यावर ठेवलं. पालथं. माझी फाटकी पाठ सगळ्यांसमोर.

"ताई, हे खाल्लंय त्यानं." आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. "थर्माकोल. मागं मी सिमेंट लावलंच नाही. कागद लावला, मैद्याची खळ लावली. रातकिड्यांनी पोखरलं, त्यानं ते गिळलं. माझी चूक आहे. डॉक्टरांना सांग. पोट उघडायच्या आत सांग."

तव्यावरची पोळी करपायला लागली.

"कधी कळलं तुला?"

"काल दुपारी. तू गेल्यावर."

"आणि आत्ता सांगतोस?" तिनं उलथनं ओट्यावर आपटलं. माझ्या पाठीतले तीन दाणे उडाले. ते तिनं चिमटीत उचलले, कागदात बांधले, एप्रन काढून त्याच्या अंगावर फेकला आणि आतून तोउकानचा खोका घेऊन रस्त्यावर धावली.

बो-युआन एप्रन हातात धरून उभा राहिला. मग त्यानं तो बांधला.

"अरे वा, भुतांचा सुतार आता आम्हाला वाढणार!" एक म्हातारा म्हणाला. "माझी पोळी कागदाची नको हं."

"नाही आजोबा," बो-युआन म्हणाला. पहिल्या चार पोळ्या त्याच्या फाटल्या, पाचवी जमली. येईल तो विचारी, हे ओट्यावर काय पडलंय? तो प्रत्येकाला पहिल्यापासून सांगे.

साडेदहाला ताई परतली. खोका छातीशी, चेहरा धुतल्यासारखा पांढरा. तिनं खोका उघडला. तोउकानचं पोट अजून टणकच होतं, पण ते वर-खाली होत होतं.

"कापणार नाहीत आज," ती म्हणाली. "तेलाचे थेंब दिलेत. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बसवायचं, पोट चोळायचं. बाहेर पडलं तर पडलं." तिनं खोका ओट्यावर ठेवला. "मी तुझ्याशी बोलत नाहीये अजून. पाणी ठेव."

बो-युआननं तवा बंद केला. पातेल्यात पाणी तापवलं, पसरट घमेल्यात ओतलं, थंड पाणी घातलं, पुन्हा थोडं गरम घातलं. मग बाही वर सारून, कोमटच आहे ना हे बघायला त्यानं मनगट पाण्यात बुडवलं आणि श्वास रोखून बराच वेळ तसंच ठेवलं.