माझं बटण चालू राहिलं

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि गप्प पडून राहणं मला अजिबात जमत नाही. सध्या माझा मुक्काम एका कपाटात, बुटांच्या रिकाम्या खोक्यात आहे. सोबतीला एक तुटकी वायर, चष्म्याचं घर आणि कुठली तरी बिनकामाची चावी. यातलं कुणीही चकार शब्द बोलत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच गाठावं. मध्येच भरकटलो तर सांभाळून घ्या. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलोय, स्वतः बोलायची सवय नाही.

कारखान्यात मला जोडल्यावर एका बाईंनी मला तोंडासमोर धरून 'हॅलो, हॅलो' म्हटलं, कानावरच्या हेडफोनमधून ऐकलं आणि मान डोलावली. झालो मी पास! डोक्यावर लाल स्पंजची टोपी चढली, पोटात सेल बसले. अंगावर एक छोटं सरकतं बटण होतं. वर केलं की मी जागा, खाली केलं की ठार बहिरा. हे बटण लक्षात ठेवा, पुढं त्यानंच सगळा घोळ घातला.

मग मी एका वृत्तवाहिनीच्या कचेरीत आलो आणि बातमीदार ताईंच्या हाती पडलो. ताईंच्या पायाला भिंगरी. त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन लंबूदादा धापा टाकत पळायचे. आमचं काम रस्त्यावरचं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं, प्रश्न विचारायचा आणि लोकांना काय वाटतं ते संध्याकाळच्या बातम्यांत दाखवायचं. बसचं भाडं वाढलं, काय वाटतं? बागेला कुलूप लागलं, काय वाटतं? लाल टोपी दिसली की लोक थांबतात, असं कौतुक कचेरीतले साहेबसुद्धा करायचे, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

पण खरं सांगू? मी समोर आलो की माणसं बदलतात. कुणी केस सावरतं, कुणी घसा खाकरतं, कुणी मला गिळायलाच निघतं. सगळे कसे छापील बोलतात. ताई 'थँक्यू' म्हणून हात खाली करतात आणि मग माणूस मोकळा श्वास सोडून खरं बोलायला लागतो. तोवर मला बंद केलेलं असे. दर वेळी मी चरफडायचो.

एकदा दुसऱ्या कुठल्याशा शहरात कारखान्याला आग लागली. साहेबांनी प्रश्न दिला, 'तुमच्या कामाच्या जागी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?' आम्ही एका फुटपाथवर उभे राहिलो. समोरच्या गल्लीत कपडे शिवायचा कारखाना होता. तिथं काजं-बटणं करणाऱ्या एक मावशी डबा घेऊन लगबगीनं चालल्या होत्या. ताईंनी त्यांना थांबवलं. मावशींनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, सगळं छान आहे, शेठ चांगले आहेत. ताईंनी आभार मानले, हात खाली केला, आणि बटण बंद करायला विसरल्या. लंबूदादांनीही कॅमेरा बंद न करता नुसताच खाली धरला होता.

मावशी जवळ सरकल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मागच्या दाराला कायम कुलूप असतं. नाहीतर कपडे चोरीला जातात म्हणे. पुढच्या दाराशी चिंध्यांचा ढीग. ठिणगी पडली तर आम्ही जायचं कुठून? पण हे दाखवू नको हं बाई. नवरा अंथरुणाला खिळलाय, माझ्या एकटीवर घर चालतं."

ताईंनी शब्द दिला. मावशी गेल्या.

कचेरीत ते चित्रण लावलं तर काय! पडद्यावर नुसत्या चपला आणि मावशींचा आवाज खणखणीत. साहेब खुर्चीतून उठलेच. चेहरा दिसत नाही, मग लावायला काय हरकत, म्हणाले. ताई म्हणाल्या, आवाज शेठ रोज ऐकतात, लगेच ओळखतील. साहेबही काही दुष्ट नव्हते. आतल्या बायकांच्या जिवाचं काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी ते म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला तरी समोर येऊन बोलायला लाव. नाहीतर हेच लागेल."

त्या गडबडीत माझं बटण दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच वर राहिलं, म्हणून सगळं ऐकू येत होतं आणि माझ्या जिवाला थारा नव्हता. सगळं माझ्याच पोटातून गेलेलं, आणि मला मात्र स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कारखान्याच्या कोपऱ्यावर मावशींना गाठलं आणि सारं खरं सांगून टाकलं. बटण चालू राहिलं ते, साहेब म्हणाले ते. मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "तुला मुलीसारखी समजून बोलले गं मी," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. ताई फुटपाथच्या कडेला बसून रडल्या. मी पिशवीत होतो, लाज वाटत होती मला. तसा माझा काही दोष नव्हता, तरी वाटत होती.

दिवसभर ताईंनी कामगार खात्याच्या कचेरीत खेटे घातले. तिथं तक्रार करणाऱ्याचं नाव मागत होते, आणि ते तर देता येत नव्हतं. संध्याकाळी सुट्टीच्या वेळी आम्ही फाटकासमोर उभे राहिलो. फाटकात मुकादम हाताची घडी घालून उभा होता. ताईंनी आता 'काय वाटतं' हा प्रश्नच टाकून दिला. त्या प्रत्येकीला एवढंच विचारत होत्या, "आत दारं किती?" बायका खाली मान घालून पुढं जात होत्या. माझी टोपी घामानं ओली झाली होती. घाम ताईंच्या हाताचाच, पण मलाच फुटल्यासारखं वाटत होतं.

मावशी शेवटच्या घोळक्यात होत्या. त्या थांबल्या. मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज बटण चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. ताईंनी मान डोलावली. मावशींनी मला ताईंच्या हातातून काढूनच घेतलं.

"दारं दोन. मागच्याला कुलूप."

आणि त्यांनी मला परत दिलं नाही, शेजारणीसमोर धरलं. ती घाबरत घाबरत म्हणाली, "दोन. मागच्याला कुलूप." तिनं मला तिसरीकडे दिलं. पुढं गेलेल्या बायकाही मागे फिरल्या. सुयांनी टोचलेली, मशीनच्या तेलाचा वास येणारी बोटं मला हातोहात पुढं सरकवत होती आणि प्रत्येक बाई तेच सांगत होती. मुकादमाच्या हाताची घडी केव्हाच सुटली होती. इतकी वर्षं मी लोकांचं मत गोळा करत हिंडलो, पण लोक म्हणजे काय ते मला त्या फाटकासमोर कळलं.

त्या संध्याकाळी तेच दाखवलं गेलं. मावशींचं पहिलं बोलणं ताईंनी साहेबांसमोरच पुसून टाकलं. कारखान्याच्या मागच्या दाराचं कुलूप निघालं. शेठ मावशींवर डोळे वटारून असायचे म्हणे, पण एकीला काढावं तर सगळ्याच तेच बोललेल्या. सगळ्यांना काढून शर्ट कुणी शिवायचे?

पुढं कॉलरला लावायचे इवलेसे माइक आले आणि आमची गरज संपली. ताईंनी मला फेकलं नाही, घरी आणून या खोक्यात ठेवलं. टोपीचा आता भुगा होतोय. पोटात जुने सेल तसेच आहेत, ते पाझरून आतली तार खातात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडून असेल तर निदान सेल तेवढे काढून ठेवा रे. आणि कधी कुणासमोर माइक नाहीतर मोबाइल धरलात, तर तो चालू आहे की बंद हे समोरच्याला आधी दाखवा. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून स्वस्थ पडू देत नाही. कुलूप निघाल्यावर काही दिवसांनी त्याच फुटपाथवर मावशी पुन्हा भेटल्या. ताईंनी मला त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांना दिसेल असं बटण हळूच खाली केलं. मग मावशी ताईंशी काहीतरी बोलल्या. पुष्कळ वेळ बोलल्या असाव्यात, कारण मला पुन्हा जाग आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि ताई एकट्याच हसत उभ्या होत्या. काय बोलल्या, या विचारानं मी या खोक्यात कूस बदलत असतो. मला ते कधीच कळणार नाही. मी बंद होतो.