नवऱ्याचा जुना फोन

घरात नवा फोन आला की तो नवऱ्याच्या खिशात जायचा आणि त्याचा जुना तिच्या ओट्यावर यायचा. लग्नापासून हेच. ती घरी केक करून विकायची, गल्लीत सगळे तिला केकवाली ताईच म्हणायचे. ऑर्डरी फोनवर येत, आणि सध्याचा फोन तर पार मोडकळीला आला होता. बोलता बोलता मान टाकायचा.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला. "बॅटरी बदलून देतो, पण ताई, आज ना उद्या हा दगा देणार. धंदा ह्याच्यावर असेल तर थांबू नका."

तिने घरी तसंच सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता नवरा म्हणाला, "तो दुकानवाला नवा गळ्यात मारायला बसलाय. चालतोय ना? मग चालव. पुढच्या वर्षी मी माझा बदलला की हा तुलाच."

तिने पुन्हा विषय काढला नाही.

मग शाळेतल्या एका शिक्षिकेची ऑर्डर आली. मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. तिने जीव ओतून अक्रोडाचा केक केला, वर साखरेची फुलं बसवली आणि दुपारी स्वतः शाळेत पोचवून आली. घरी येऊन बघते तर फोन मेलेला. बॅटरी काढून पुन्हा घातल्यावर तो चालू झाला आणि सकाळचा निरोप आत्ता उमटला. शिक्षिकेने लिहिलं होतं, 'मॅडमना अक्रोडाची ॲलर्जी आहे. कृपया अक्रोड नको.'

फोन लावायला गेली तर पुन्हा अडकला. ती तशीच ॲप्रनवर शाळेकडे धावत सुटली. मुख्याध्यापिकेच्या हातात सुरी होती.

"खाऊ नका, अक्रोड आहेत त्यात," ती दारातूनच म्हणाली.

केक तसाच उचलून बाहेर नेला गेला. शिक्षिका तिला बाजूला घेऊन म्हणाली, "मी सकाळीच कळवलं होतं."

"फोन बंद पडला होता."

"मग बदलायचा ना, ताई. कुणाच्या जिवावर बेतलं असतं."

रात्री नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "इतकं झालं होतं तर मला आधी सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी तिने केकच्या कमाईतून नवा फोन आणला. नवऱ्याने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "छान आहे. असं करू, हा मी वापरतो, ऑफिसात चार माणसांत बरा दिसतो. माझा तू घे, त्याला काय धाड भरलीय?"

"आण इकडे," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

नवऱ्याने अबोला धरला. शाळेकडून नंतर कधीच ऑर्डर आली नाही, आणि बातमी फिरल्यावर गल्लीतल्याही कमी झाल्या. नवा फोन दिवसदिवस गप्प पडून असे. संध्याकाळी तेवढा वाजायचा. चहा हवा असला की नवरा बाहेरच्या खोलीतून एक मिस्ड कॉल द्यायचा.