सिटिंगवरची नोकरी

धाकटीने फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि घरच्यांनी तिला डॉक्टरीणबाई करून टाकलं. मामाने तर लगेच गुडघा पुढे करून फुकटात तपासून घेतला. कॉलेजच्या माहितीपत्रकात या पदवीला मागणीच मागणी होती. पगाराचं काय, ते नोकरीला लागल्यावर कळलं.

ती ज्या सरांच्या दवाखान्यात लागली, तिथे नव्या माणसाला पगार नसे. पेशंटच्या दर सिटिंगमागे, म्हणजे उपचाराच्या दर खेपेमागे, पैसे मिळत, आणि सरांना पटलं तरच पुढे पक्की नोकरी. वडिलांचं काम सुटल्यापासून सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं. ती चप्पल काढायच्या आत आई विचारायची, "झालीस का पक्की?"

शेजारच्या पलंगावरचे पेशंट बघणाऱ्या ताई चांगल्याच मुरलेल्या. पेशंटला शेकाचं मशीन लावायचं, त्याच्या सुनेच्या तक्रारी ऐकायच्या, जाताना जरा पाठ चोळायची. पेशंट खूश, महिनोन् महिने यायचे. धाकटीचं सगळं उलटं. ती घाम फुटेस्तोवर व्यायाम करून घ्यायची, तेच घरी करायला शिकवायची, आणि पेशंट बरा होऊन गायब व्हायचा. कमाई ताईंच्या निम्मीसुद्धा नव्हती.

एकदा सरांनी समजावलं, "हात चांगला आहे तुझा. पण पेशंट टिकत नाहीत तुझ्याकडे. असंच चाललं तर पक्कं करणं अवघड आहे."

तिला रडूही आलं आणि संतापही. बरं करायलाच तर शिकवलं होतं कॉलेजात. तरी दुसऱ्या दिवशी तिने मशीन लावून पाहिलं. पेशंट घोरायला लागला तशी तिने त्याला उठवून जिने चढायला लावले.

त्याच आठवड्यात सरांच्या आई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. सरांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"आईसाठी घरी येशील का रोज?"

"ताईंना अनुभव जास्त आहे, सर."

"ताई नको," सर घाईघाईने म्हणाले. "आईला लवकर चालती करायचीय."

बोलून गेल्यावर सरांनी नजर टेबलाकडे वळवली. धाकटीला हसू आवरेना, आणि रागही काही कमी नव्हता. एरवी ती मान डोलावून बाहेर पडली असती.

"येईन की," ती म्हणाली. "पण सिटिंगवर नाही, पगारावर. आणि इथले पेशंटही माझ्याच पद्धतीने."

सरांनी पेनाचं टोपण काढून कागद पुढे ओढला.

"किती पगार म्हणतेस?" त्यांनी विचारलं.