खिडकीखालची जागा

मालनबाईंनी सुनेचा मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि एक पाऊल मागं टाकलं. स्क्रीनवर त्यांचाच हॉल दिसत होता. तीच पोपडे सुटलेली भिंत, तोच पंखा. फक्त फरशीवर दुकानाच्या अ‍ॅपमधला एक सोफा येऊन थरथरत होता.

"आई, बोटानं सरकवा. खिडकीखाली न्या," रत्नमाला मागून म्हणाली.

बोट सरकलं तसा सोफा सरकला आणि खिडकीखाली जाऊन स्थिर झाला. तिथं त्यांच्या नवऱ्याची, मोतीरामांची, खाट होती. उजवी बाजू लुळी पडल्यापासून ते दिवसभर तिथंच पडून गल्लीतल्या रिक्षा, भाजीवाले, शाळेची पोरं बघत. आता खाटही दिसेना, मोतीरामही दिसेनात. एका टोकाला त्यांची पावलं तेवढी उरली.

रविवारी धाकट्या लेकीला, मोनिकाला, बघायला पाहुणे येणार होते. रत्नमालाचा नवरा प्रणय औरंगपुऱ्यात सोफ्याच्या दुकानात थांबला होता. सोफा घरात बसतो असं कळलं की तो लगेच टेंपोत घालणार होता. त्यासाठी मोतीरामांना आतल्या खोलीत न्यायचं, हे मात्र घरात कुणी बोललेलं नव्हतं.

"सोयरीक ठरवायला तुमचे पाचोडचे पाहुणे आले तव्हा बसायला काय हुतं?" मालनबाई म्हणाल्या.

"आमचे मामा पाण्याच्या ड्रमवर बसले होते, आई. अजून सांगतात."

"मग? पडले का?"

"झाकण आत गेलं."

दोघी हसल्या. मालनबाई खोलीभर फिरून सोफा बघू लागल्या. लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हा शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडं त्या सोफ्याच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. तेव्हापासूनची हौस. भाड्याच्या खोल्या बदलल्या, स्वतःचं घर झालं, हौस तेवढी राहून गेली. त्यांनी निळा रंग दाबला, मग मरून. मरून शोभत होता. औषधांच्या बाटल्या नाहीत, लघवीचं भांडं नाही, चुरगळलेली चादर नाही. खोली मोकळी झाली होती. त्यांना एकदम हलकं वाटलं.

सोफ्यातून खोकला आला.

त्यांनी मोबाइल खाली घेतला. मोतीरामांचा डावा हात हवेत लांबलेला होता.

"कवाचं पाणी मागतोय," ते म्हणाले.

मालनबाईंनी घाईनं पेला लावला. अर्धं पाणी त्यांच्या छातीवर सांडलं. ते पदरानं पुसताना त्यांना नवऱ्याच्या तोंडाकडं बघवेना.

"दाव मला," मोतीराम म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"दाव म्हणतो ना."

मोतीरामांनी मोबाइल छातीवर टेकवला आणि दातांत जीभ धरून अंगठ्यानं सोफा ओढला. खिडकीखालून तो निघाला, खोली ओलांडून समोरच्या भिंतीला लागला.

"हिथं बसतोय की. झकास!"

मालनबाईंनी वाकून पाहिलं.

"तिथं मी निजते," त्या म्हणाल्या.

रात्री मोतीरामांनी हाक मारली की ऐकू यावी म्हणून वर्षभर त्या त्याच भिंतीशी अंथरूण टाकत होत्या. सकाळी उठून गुंडाळून ठेवत होत्या.

मोतीरामांनी स्क्रीनकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.

"ह्यात दिसंना ते," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात मोबाइल त्यांच्या हातात वाजायला लागला. प्रणय होता.

"काय सांगायचं, आई?" रत्नमालानं विचारलं.

"वाजू दे."

मालनबाईंनी खाटेखालून गादीची वळकटी ओढली, दोरी सोडली आणि भर दुपारी भिंतीशी अंथरूण घातलं. उशी ठेवली. वाकळ पसरून तिचे कोपरे ताणून सरळ केले.

"आता धरा मोबाइल," त्या म्हणाल्या. "आता बघा कुठं बसतो."

मोतीरामांनी मोबाइल पोटावर उपडा ठेवला. तो वाजतच होता. खाट आणि अंथरुणाच्या मधोमध रत्नमाला एक पाय उचलून उभी होती. टेकवायला तिला जागा सापडेना.