घासलेला तवा

टक्.

निवत आलेला तवा मध्येच असा आवाज करतो आणि तेवढ्यानं तिचा खांदा कानापर्यंत वर जातो – भर दुपार, लेक मुंगी आत झोपलेली, नवरा कामावर... दचकवायला घरात आहेच कोण? तिनं खांदा खाली आणला. मुद्दाम, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तवा बिडाचा, लांब दांड्याचा, आईनं दिलेला. काळाकुळकुळीत होता, अंडं फोडलं की आपण होऊन घसरायचं. आज तो राखाडी पडलाय, सोललेल्या गुडघ्यासारखा. काल संध्याकाळी त्यानं तो तिच्यावर उगारला – उगारला नाही, मारला. ‘उगारला, चुकवताना हात मुरगळला’ असं मी ताईला फोनवर सांगितलं. मनगट मध्ये आलं म्हणून डोकं वाचलं. मग ती ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसलेली असताना तो बाह्या सरसावून तवा घासत राहिला – साबण, सोडा, तारेची घासणी – रडतही होता बहुतेक. सकाळी तवा पुढे धरून म्हणाला, “बघ, कसला चकाचक केलाय! किती वर्षांची घाण होती.”

घाण! आईच्या हाताचे थर होते ते, तेल जाळून जाळून बसवलेले. बिडाला साबण लावत नाहीत हे माहेरी शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याला नव्हतं. संसारात त्यानं घासलेलं हे पहिलं भांडं... आणि ती काय म्हणाली? “छान झालाय.” हेच सलतंय. मनगटापेक्षा हेच.

फोन पुन्हा वाजला. ताई.

“निघालीस?”

“तवा तेलावर घेतलाय गं. गंज धरेल नाहीतर.”

“हात मोडून घेतलास त्याचं काही नाही, आणि तव्याचं सुतक?”

“मोडला नाहीये. मुरगळलाय.”

“हो का, डॉक्टरीणबाई! पोरीला उचल आणि तो यायच्या आत इकडे ये. चुलीत घाल तो तवा!”

“तेच तर करतेय.”

ताई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

फडक्यावर थेंबभर तेल. सगळीकडे चोळायचं, मग लावलंच नव्हतं असं पुसून टाकायचं, मग धूर निघेपर्यंत जाळायचं. जास्त लाड केलेस तर चिकट होतो, आई म्हणायची – धुरामागे तिचा चेहरा, कोपरावर तो गुळगुळीत डाग. भाजलं गं, तवाच तो... आम्ही दोघी बहिणींनी कधी विचारलं नाही की तवा कोपराला भाजतो कसा.

दुखऱ्या हातानं पुसवेना, म्हणून पसरलेल्या फडक्यावर तवाच फिरवायला तिनं डाव्या हातात दांडा धरून तो उचलला. किती जड! आणि मुठीत किती चपखल. संध्याकाळी तो येईल, दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडेल, त्याची मान उघडी पडेल – केस संपतात तिथली ती मऊ जागा, जिथं मी एकेकाळी ओठ टेकायचे – बरोबर तिथं. आवाज बद्द होईल. तो नाड्यांवरच कोसळेल, एक बूट पायात, एक हातात, आणि तिला पुन्हा मारावंसं वाटेल, अजून एकदा, त्या राखाडी लोखंडावर काहीतरी बसेपर्यंत... राग नव्हता हा. रागात छाती धडधडते. हिची एकदम शांत झाली होती, खोल झोप झाल्यासारखी. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली – निघायला हवं, आत्ता, त्याच्यापासून म्हणून नाही...

दाराशी मुंगी उभी होती. गालावर उशीची घडी उमटलेली, फ्रॉक कमरेत अडकलेला. तिनं आईकडे पाहिलं, मग डोक्याच्याही वर गेलेल्या तव्याकडे. ती रडली नाही. फक्त सराव असल्यासारखी दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली.

“अगं, ये ना सोन्या...” हात खाली यायला हवा होता. येत होता. सावकाश.

मुंगीनं कोपरांमधून डोळे वर केले. खेळात विचारावं तसं, अगदी हळू विचारलं,

“आई, आता मारायची पाळी तुझी का?”