चातुर्मास पाळलेलं झाड

सकाळचं कोवळं ऊन ठाकुर्लीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उतरलं की माझी आत्या देवाच्याही आधी चष्मा लावून वाटीएवढी एक कुंडी न्याहाळते. कुंडीत बटरवर्ट नावाचं कीटक खाणारं झाड आहे. मातीला बिलगून पसरलेली पोपटी, लोणी फासल्यागत चकाकणारी पानं. चिलट बसलं की अडकलंच, मग पान त्याला सावकाश जिरवतं. कांदा-लसणाचंही वावडं असलेल्या घरात हा मांसाहारी पाहुणा आणला आप्पांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी. त्याचं सगळं तेच बघायचे. ती फणफणायची, ते मिशीत हसायचे.

गेल्या वैशाखात आप्पा गेले. आषाढी एकादशीला आत्याने कुंडीवर ताट झाकायची जाळी ठेवली. घराला चातुर्मास, तर यालाही. मला हसू येत होतं, पण बोलायची काय बिशाद!

तुळशीचं लग्न लागलं, जाळी निघाली आणि आत्याचा चेहरा उतरला. रुंद पानं जाऊन तिथे बारक्या, जाडसर पानांची आवळलेली मूठ उरली होती. चिलट आलं, बसलं, आरामात उडून गेलं. एक जुनं पान तर हातातच आलं.

"त्यांचं एवढं एकच माझ्याकडे राहिलं होतं," ती म्हणाली, "आणि मी ते उपाशी मारलं."

पाणी घालायचंही अवसान तिच्यात उरलं नव्हतं. गळलेलं पान तिने तसंच मातीवर टेकवलं, आणि त्या हिवाळ्यात तिचं बोलणं नुसत्या हुंकारांवर आलं.

होळी तोंडावर आली तेव्हा तिचा फोन आला, ये, बघून जा, एवढाच. गेले. मुठीतून दोन ओली, चकाकती पानं उलगडली होती, आणि गळलेल्या पानाच्या देठाशी मोहरीएवढं नवं पिल्लू-रोप. सुटले बाई! थंडीत हे असंच मिटून झोपतं, तेव्हा कोरडंच ठेवायचं असतं, हे आम्ही तेव्हा कुठे शोधून वाचलं. रोज मायेने पाणी घातलं असतं तर कुजलंच असतं. आत्या रडली, हसली, हे आधी सांगून ठेवायला काय झालं होतं म्हणून आप्पांवर चिडली, आणि कित्येक महिन्यांनी तिने स्वतःच्या पोळीवर तूप घेतलं.

काळ नेतो ते माणूस परत देत नाही, पण ऊन आजही आधी त्या पानांवर थांबतं, आणि आप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता आत्या सांगते, "चिलट सापडलं हो तुमच्या झाडाला."